परीक्षेच्या दिवशी पेशंटजवळ कोण बसणार?

पेशंट सांभाळणाऱ्या कुणा मावशीला, वहिनीला, शेजारणीला तुम्ही मदतनिसाच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसवणार असाल, तर फॉर्म, फी, पुस्तक या सगळ्याच्या आधी एक गोष्ट कागदावर लिहा. परीक्षेच्या दिवशी तिच्या पेशंटजवळ कोण बसणार? तिच्या जागी बदली येणाऱ्या बाईचं नाव लिहा आणि तिचा स्वतःचा नंबर लिहा. कामाला बायका पाठवणाऱ्या ब्युरोचा नाही, तिचा. मागच्या वर्षी मी बाकीचं सगळं केलं आणि नेमकं हे विसरले.

मी सव्वीस वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते. निवृत्त झाल्यापासून रविवारी दुपारी पुण्यात धनकवडीला माझ्याकडे चार-पाच जणी अभ्यासाला येतात. आंबेगाव पठार, कात्रज, जनता वसाहत इथून येतात, बाराबारा तासांच्या ड्युट्या करून. मागच्या वर्षी तिघींचे फॉर्म भरले. त्यातली सगळ्यात तयार होती ती सिंहगड रोडला अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांकडे दिवसपाळी करायची. परीक्षा हडपसरला, साडेनऊला. ब्युरो म्हणालं, सातला बदली पाठवतो. सात वाजले, आठ वाजले. रात्रपाळीची बाई निघून गेली, आजोबांचा मुलगा हिंजवडीला ऑफिसात पोचला, आणि ही इस्त्रीची साडी नेसून, फाईल पिशवीत घालून त्यांच्या पलंगाशी बसून. साडेअकराला मुलगा परत आला तेव्हा ती निघाली. स्वारगेटला बस बदलून पावणेएकला पोचली. हजेरीचे फोटो सकाळीच होऊन गेले होते. गैरहजर लागली ती लागलीच, आणि पुढची बॅच आठ महिन्यांनी. आजोबांना एकटं टाकून ती निघाली नाही हे तिने योग्यच केलं. चूक माझी होती, कारण मी ब्युरोच्या ‘पाठवतो’वर विसंबले.

आता कोर्स कोणता. यावर फार वेळ घालवू नका. दवाखान्यात काम करायचं असेल तर जनरल ड्युटी असिस्टंट, घरी जाऊन पेशंट सांभाळायचा असेल तर होम हेल्थ एड. नवखी असेल तर पूर्ण कोर्स. आठ-दहा वर्षं हे काम केलेली असेल तर आधी आरपीएलची चौकशी करा, म्हणजे हाताला येत असलेल्या कामाचीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आहे. दहा वर्षं बेडपॅन दिलेल्या बाईला बेडपॅन कसा द्यायचा हे शिकायला सहा महिने बसवायचं आणि तेवढे दिवस तिची मजुरी बुडवायची, हे मला पटत नाही. शिक्षणाची अट आठवी की दहावी, हे मात्र त्या-त्या कोर्सला आणि त्या-त्या वेळी विचारा. मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

क्लासवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येणार? हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं, म्हणजे या कामांची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं, की तुमच्याच क्लासचं? उत्तराला फाटे फुटायला लागले की उठून या. ‘सहा महिन्यांत नर्स’ असं पाटीवर लिहिलेलं दिसलं तर आत पाऊलही टाकू नका. नर्स व्हायला एएनएम, जीएनएम असा नर्सिंगचा कोर्स करावा लागतो आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. आपण करतोय तो मदतनिसाचा कोर्स. त्यात इंजेक्शन देणं येत नाही, आणि हे त्या बाईला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पुढे कुणा नातेवाइकाने ‘तुम्ही शिकलेल्या आहात ना, द्या टोचून’ म्हटलं तर तिला ठामपणे नाही म्हणता आलं पाहिजे.

कागदपत्रं. फोटो, बँक पासबुक वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला कळतं. त्रास होतो तो नावाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत कधी तिसरंच. आमच्याकडे एकीचं नाव सासरी बदललेलं होतं, म्हणजे नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही वेगळी. कागदावर त्या दोन निराळ्या बायका दिसत होत्या. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर सोपं जातं. नसेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो, आणि या सगळ्याला आठवडे जातात. म्हणून सगळे कागद पहिल्याच दिवशी टेबलावर एकाशेजारी एक मांडा आणि प्रत्येक अक्षर जुळवून बघा. जन्मतारीखही बघा. पुष्कळ जणींची आधारवर नुसती १ जानेवारी किंवा १ जून असते आणि दाखल्यावर वेगळीच.

दुसरं, आधारला जोडलेला मोबाईल कोणाचा? नोंदणीचा ओटीपी त्यावर येतो. नंबर नवऱ्याचा असेल आणि नवरा गावी असेल, किंवा ते सिम कधीच बंद पडलं असेल, तर अडलं सगळं. नंबर बदलायला आधार केंद्रावर जायचं तर तिला स्वतःलाच जावं लागतं, म्हणजे पुन्हा अर्धा दिवस सुट्टी. वर्षानुवर्षं फिनेलच्या पाण्यात हात घालून बोटांचे ठसे इतके झिजलेले असतात की मशिन घेत नाही. तिला ओशाळं वाटू देऊ नका, डोळ्यांचं स्कॅन करा म्हणून तुम्हीच सांगा. आणि केंद्रावर जायच्या त्या अर्ध्या दिवसालाही पेशंटजवळ बदली लागतेच. कशी सापडते, किती आधी सांगावं लागतं, हे तिथेच कळेल. मोठ्या दिवसाची ही रंगीत तालीम समजा.

फॉर्ममध्ये भाषा मराठी आहे ना ते स्वतः बघा.

चष्मा. हे कुणाला सुचत नाही. चाळिशी उलटलेल्या बाईला टॅबवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि ती तसं सांगत नाही, ‘मला येत नाही’ म्हणून मोकळी होते. आमच्याकडे पेपर टॅबवर होता. सरावाला एक जण सतत चुकत होती, मी वैतागले, आणि मग लक्षात आलं की ती प्रश्न वाचतच नव्हती, अंदाजाने बोट ठेवत होती. आधी डोळे तपासून घ्या, चाळिशीचा चष्मा घ्या, मग पुस्तक उघडा.

अभ्यास घेताना धडा पहिला, धडा दुसरा असं जाऊ नका. हातापासून सुरुवात करा. तिला म्हणा, करून दाखव आणि करताना तोंडाने सांगत जा. हे ‘तोंडाने सांगत जाणं’ त्यांना सगळ्यात अवघड जातं, कारण आजवर कुणी विचारलेलंच नसतं. मी जमिनीवर गादी टाकते, एक जण पेशंट होते. दुसरी तिला कुशीवर वळवते, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाच अधांतरी. सगळं बिनचूक. का केलं विचारलं की गप्प. मग हळूहळू बोलते: दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाला, टाचेला लाली येते, लालीचा फोड होतो, फोडाची जखम. हेच उत्तर आहे. याला पुस्तकात बेडसोअर म्हणतात, एवढीच भर घालायची. उशा लावून अर्धवट बसवते त्याला फाउलर पोझिशन म्हणतात, जेवल्यावर किंवा नळीने भरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली राहिली पाहिजे, उचलून पलंगावर ठेवायची नाही. काम तिला येतं, तुम्ही फक्त नाव शिकवा.

नाडी मोजायला पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाची ६० ते १०० च्या मध्ये. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की तो श्वास मुद्दाम घ्यायला लागतो. मनगट धरून ठेवायचं, नाडीच बघतोय असं दाखवायचं, आणि नजर छातीवर ठेवून श्वास मोजायचे, मिनिटाला १२ ते २०. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद. ते घड्याळ लावून करून घ्या, पहिल्यांदा सगळ्या जणी पंधरा सेकंदांत उरकतात. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना (सीपीआर) ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. त्यासाठी उशी घट्ट गुंडाळून त्यावर सराव करा.

कचऱ्याचे रंग मात्र घोकून घ्या, कारण इथे पुण्याच्या बायकांची हमखास गल्लत होते. घरी आपण डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढतो आणि कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना देतो. त्यामुळे परीक्षेत डायपर म्हटलं की हात थेट लाल पिशवीकडे जातो. दवाखान्याचे नियम निराळे, २०१६ चे. रक्त किंवा स्राव लागलेला कापूस, बँडेज, डायपर पिवळ्या पिशवीत. नळ्या, हातमोजे, लघवीची पिशवी, म्हणजे प्लास्टिक-रबर, लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. मी घरातल्या चार बादल्यांना चार रंगांचे कागद चिकटवले आणि वस्तू हातात देत गेले. तीन रविवारांत गल्लत थांबली.

अभ्यासाला वेळ कधी? दुपारी पेशंट झोपतो तेव्हा, दोन ते चार. पण त्यासाठी त्या घरची परवानगी लागते, नाहीतर ‘मावशी सारख्या मोबाईलमध्ये असतात’ अशी तक्रार जाते. तुम्ही स्वतः फोन करा, सांगा की परीक्षा आहे, कानाला लावून धडा ऐकत असतात. मी दोन-दोन मिनिटांच्या आवाजी नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. वाचण्यापेक्षा ऐकलेलं त्यांच्या जास्त लक्षात राहतं. तिच्या घरचे कुणी नाराज असतील, नवरा किंवा मुलगा, तर त्यांनाही चहाला बोलवा. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी याच शहरात सेवासदन काढलं आणि बायकांना परिचारिकेच्या कामाकडे वळवलं, तेव्हाही घरच्यांची समजूत घालावी लागलीच असणार. आपल्याला एकाच घराची घालायचीय.

पेशंटच्या घरी फोन कराल त्यातच बदलीचं बोला. परीक्षेची तारीख कळली की त्याच दिवशी. पेशंटच्या घरच्यांना तारीख सांगा, त्यांच्या कालनिर्णयवर गोल करून घ्या. बदली कोण ते विचारा. ‘बघू’ हे उत्तर नाही. ‘ब्युरो पाठवेल’ हेही उत्तर नाही. घरचंच कुणी त्या दिवशी सुट्टी घेऊन थांबणार असेल तर सगळ्यात उत्तम. नसेल तर ओळखीची मावशी, आणि ती मावशी दोन दिवस आधी एकदा त्या घरी जाऊन आली पाहिजे. विसरण्याचा आजार असलेल्या आजी अनोळखी बाईच्या हातून घोटभर पाणी पीत नाहीत. ऐन सकाळी नवी बाई उभी राहिली की आजी रडतात, आणि आपली मावशी दारातून परत फिरते. गोळ्यांच्या वेळा, कपडे कुठे, वॉकर कुठल्या हाताला, हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून फ्रिजला चिकटवा.

बदलीचे पैसे कोण देणार हेही आधीच ठरवा. परीक्षेला बसणारीचा त्या दिवसाचा रोज बुडतोच, वर बदलीचेही तिच्याच खिशातून जाणार असतील तर ती मनातल्या मनात परीक्षा सोडून देते आणि तुम्हाला सांगतही नाही. पेशंटच्या घरच्यांनी दिले तर फार चांगलं. नाहीतर गटातून गोळा करा. यंदा मी जूनपासून डब्यात बाजूला काढून ठेवले आहेत.

आणि दुसरी बदली. पहिलीला ताप आला तर? तिचंही नाव, तिचाही नंबर. दोन बदल्या ठरल्याशिवाय तारीख पक्की झाली असं मी आता मानत नाही.

तारीख आणि रस्ते बघून घ्या. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दोन दिवस आणि गणपतीचे दहा दिवस मध्यभागातून बस कधी, कुठून जाईल याचा भरवसा नसतो. केंद्रावर एकदा आधी जाऊन या. बदली साडेसहाला येणार असं ठरवा, सातला नाही.

आदल्या दिवशी: मूळ आधार, हॉलतिकीट, चष्मा, पाण्याची बाटली, चार्ज केलेला फोन. रात्रपाळी लावू देऊ नका. जागून आलेल्या बाईला नाडी मोजता येत नाही. संध्याकाळी सहाला बदलीला फोन. सकाळी सहाला पुन्हा फोन. तिने उचलला नाही तर पाच मिनिटं थांबा आणि लगेच दुसरीला लावा. ‘येईल’ म्हणत बसू नका. मी बसले होते.

केंद्रावर तिच्याबरोबर जा, आत सोडा, बाहेर थांबा. तोंडी परीक्षेत अडली तर ‘करून दाखवते’ म्हणायला सांगून ठेवा.

निकाल लागला की प्रमाणपत्र डाउनलोड करा, दोन रंगीत प्रती काढा, एक ब्युरोला द्या आणि रोजची मजुरी वाढवून मागा. मागताना तुम्ही बरोबर असा. नापास झाली तर फेरपरीक्षेची तारीख विचारा, बाकी काही बोलू नका.

सिंहगड रोडच्या मावशीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आजोबांचा मुलगा सुट्टी घेऊन घरी थांबणार आहे, त्याने स्वतः सांगितलंय. तरी दुसरी बदली म्हणून कात्रजच्या एक जण परवा आजोबांना भेटून आल्या, त्यांना सूप भरवून बघितलं. त्यांचा नंबर माझ्या फ्रिजवर आहे, मावशीच्या फोनमध्ये आहे आणि आजोबांच्या सुनेकडेही आहे. आज संध्याकाळी आणखी एकदा फोन करणार आहे.