प्रामाणिक सोबती कसे निवडावेत

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, प्रेम सगळ्यांवर करायचे, पण मनातले सांगायला आणि सल्ला घ्यायला दोन-तीन माणसे पुरतात. बारा शिष्यांना निवडण्याआधी येशूने डोंगरावर सारी रात्र प्रार्थनेत काढली (लूक ६:१२-१३). पुढे काही प्रसंगी त्या बारांतूनही पेत्र, याकोब आणि योहान यांनाच त्याने बरोबर नेले. तेव्हा पहिल्याच ओळखीत मन मोकळे करण्याची घाई नको.

तीन-चार महिने नुसते पाहा. साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगणे) किती छान देतो, प्रार्थना किती लांब करतो, यावरून फारसे कळत नाही. लूक १६:१० प्रमाणे थोडक्यातला विश्वासूपणा पाहायचा. उसने घेतलेले सांगितल्या दिवशी परत करतो का? जमणार नसेल तर आपणहून आधी कळवतो का? ‘माझं चुकलं’ म्हटल्यावर थांबतो, की लगेच ‘पण’ जोडतो? तुमच्या शेजारी निवांत बसून फोनवर ‘निघालोय, वाटेतच आहे’ असे सांगणारा उद्या तुम्हालाही तेच सांगेल.

मग जीभ पाहा. चहाडी करणारा गुपिते उघडी करतो, असे नीतिसूत्रे २०:१९ सांगते. मंडळीत चहाडी बहुधा प्रार्थनेचे रूप घेऊन येते: ‘कुणाला सांगू नका हं, प्रार्थनेसाठी म्हणून सांगते, त्यांच्या घरात सध्या...’ अशा वेळी एकच विचारा, ‘हे मला सांगायला त्यांनी हो म्हटलंय का?’ प्रामाणिक माणूस तिथेच थांबतो. दुसऱ्याची गोष्ट तुमच्याकडे आणणारा तुमची गोष्ट तिसऱ्याकडे नेणार, हे धरून चाला. मुद्दाम खोटे गुपित सांगून कुणाची परीक्षा मात्र घेऊ नका. तो आपलाच अप्रामाणिकपणा. आधी लहान गोष्ट सांगा, ती जपली गेली की मोठी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो तुम्हाला अडवतो का? दावीद राजाचा मुलगा अम्नोन याचा मित्र योनादाब मोठा धूर्त होता. मित्राच्या मनातले सावत्र बहिणीविषयीचे पाप त्याने ओळखले, आणि त्याला थांबवायचे सोडून आजारी पडल्याचे सोंग घ्यायला शिकवले. पुढे अम्नोनाचा खून झाला, तेव्हा तोच योनादाब दावीदाला शांतपणे खुलासा देत उभा होता (२ शमुवेल १३). त्याच्या एकच अध्याय आधी संदेष्टा नाथान दावीदाचे पाप दाखवत त्याच्या तोंडावर म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ हे दोन अध्याय लागोपाठ वाचा.

पण फटकळ म्हणजे प्रामाणिक नव्हे. मत्तय १८:१५ चा क्रम आधी एकांतात जाऊन बोलण्याचा आहे. चारचौघांत तुमचा पाणउतारा करून वर ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

निवड चुकते ती बहुधा सगळे आपल्याच वयाचे आणि आपल्याच मताचे घेतल्याने. रहबाम राजाने वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून बरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले, आणि इस्राएलाचे दहा वंश हातचे गेले (१ राजे १२). एक तरी वयाने मोठा सोबती असू द्या. याच्या उलट चूक म्हणजे विश्वासात नसलेल्यांशी बोलणेच सोडणे. तसे करायचे तर जगातूनच निघून जावे लागेल, असे प्रेषित पौलच लिहितो (१ करिंथ ५:१०).

माणूस पटला की स्पष्ट विचारा, ‘आठवड्यातून अर्धा तास भेटायचं का?’ भेटीत दोन प्रश्न पुरेत: या आठवड्यात कुठे खोटे बोललो, आणि कुणाशी समेट राहिला आहे. पुरुषाने पुरुषाशी आणि स्त्रीने स्त्रीशी असे बोललेले बरे. बोलणे बाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला किंवा एखाद्या लेकराला धोका असेल तर गप्प बसायचे नाही. आणि प्रश्नांची उत्तरे आधी तुम्ही द्या. तुम्ही झाकून ठेवले तर समोरचाही झाकणारच.

सोबत्याने फसवले तर आधी एकटे जाऊन बोला. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करा. व्यवहार आणि गुपिते मात्र काही काळ थांबवा, आणि का थांबवली ते त्यालाच सांगा.