कोकण विद्यापीठ मागायचंय? मग आधी हे करा

रत्नागिरी-सिंधुदुर्गला वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी आजची नाही. मोर्चा निघतो, निवेदन जातं, पेपरात फोटो येतो आणि पुढे त्या निवेदनाचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नसतं. मागणी शंभर टक्के बरोबर आहे, पण कागद कच्चे असतात म्हणून ती मंत्रालयात टिकत नाही. म्हणून ज्यांना खरंच काम करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, अशीच मागणी करणाऱ्या लातूर-धाराशिवकडच्या मंडळींनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी नेमकं काय मागताय ते ठरवा. मुंबई विद्यापीठ 1857 चं, त्याच्याखाली मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सगळे जिल्हे आणि सातशेच्या वर कॉलेजं. सावंतवाडी ते मुंबई रस्त्याने जवळपास पाचशे किलोमीटर, दोडामार्ग त्याच्याही पुढे. उपकेंद्रं आहेत, रत्नागिरीचं तर जुनंच आहे, पण उपकेंद्र म्हणजे विद्यापीठ नव्हे कारण अभ्यासक्रम, परीक्षा, पैसा या सगळ्याचे निर्णय मुंबईतच होतात. "आमच्याकडे दापोलीला विद्यापीठ आहे की" असं कोणी म्हणालं तर सांगा, ते 1972 चं कृषी विद्यापीठ आहे आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्राचं. बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्या पोरांना त्याचा काय उपयोग?

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, पुरावा. भाषणात "विद्यार्थ्यांचे हाल होतात" म्हणून चालत नाही, हाल कागदावर दिसले पाहिजेत. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात जा, ऑफिसातल्या क्लार्कशी बोला (त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं) आणि एक साधी वही सुरू करा. समजा एखाद्या मुलीच्या मार्कशीटवर आईचं नाव चुकलंय. अर्ज कुठल्या तारखेला दिला, कॉलेजचं पत्र कधी गेलं, काम पोस्टाने झालं, ऑनलाइन झालं, उपकेंद्रावर झालं की मुंबईत विद्यापीठाच्या कलिना संकुलात जावं लागलं, गेली तर कशाने गेली, तुतारी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरली का, राहायची सोय काय केली, सोबत वडील गेले तर त्यांची मजुरी किती बुडाली, दुरुस्त मार्कशीट कधी हातात आली, आणि तोवर कुठली अॅडमिशन किंवा नोकरी हुकली का. अशी प्रत्येक केस एका पानावर, सोबत पावत्यांची झेरॉक्स. मुलांची नावं बाहेर देऊ नका, फक्त तालुका आणि वर्ग लिहा. आणि जे काम घरबसल्या किंवा जवळच होतं ते पण प्रामाणिकपणे लिहा, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये अधिकारी तेवढंच एक उदाहरण काढून तुमची अख्खी वही खोटी ठरवतील.

त्याच्या जोडीला माहिती अधिकार, म्हणजे आरटीआय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द असा नियम आहे, म्हणून सगळं एकात कोंबू नका. एका अर्जात विचारा की दोन्ही जिल्ह्यांतून परीक्षा फी, संलग्नता फी म्हणून दरवर्षी किती जमा होते आणि उपकेंद्रावर किती खर्च होते. दुसऱ्यात उपकेंद्रावर मंजूर पदं किती, भरलेली किती, कायम किती आणि कंत्राटी किती. तिसऱ्यात पीजीचे विषय आणि जागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही.

"दोनच जिल्ह्यांसाठी विद्यापीठ परवडत नाही" हे तुम्हाला शंभर वेळा ऐकवतील, त्याचं उत्तर तयार ठेवा. सोलापूर विद्यापीठ 2004 ला एका जिल्ह्यासाठी झालं, शिवाजी विद्यापीठातून वेगळं काढून. गोंडवाना 2011 ला नागपूरमधून काढलं, चंद्रपूर आणि गडचिरोली दोनच जिल्हे. आणि आपल्या शेजारी गोवा बघा, तिथे आधी मुंबई विद्यापीठाचंच पदव्युत्तर केंद्र होतं, 1985 ला त्यांचं स्वतःचं विद्यापीठ उभं राहिलं. गोव्याला जमलं ते आपल्याला का नाही जमणार?

पण गोंडवानाकडून दुसरी गोष्ट पण शिकायची. विद्यापीठ गडचिरोलीला आलं तरी सिरोंचाच्या पोराला अजून दोनशेच्या आसपास किलोमीटर जावंच लागतं. म्हणून मुख्यालय रत्नागिरी की सिंधुदुर्ग यावर आपसात भांडत बसू नका, ही मागणी त्याच भांडणात मरेल. एका जिल्ह्यात मुख्यालय तर दुसऱ्यात पूर्ण अधिकाराचा परिसर, असं पहिल्याच निवेदनात लिहा. आणि फक्त परीक्षा भवन मागू नका हो, निकाल जवळ लागला म्हणजे शिक्षण आलं असं होत नाही. शिकवणारे विभाग मागा, मत्स्य, समुद्र, सडे (कातळाची पठारं), देवराया, मालवणी बोली, आंबा-काजू प्रक्रिया असे इथले विषय मागा, कायम प्राध्यापकांची पदं आणि हॉस्टेल मागा, मुलींचं आधी. यूजीसीची, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची, 12 बी मान्यता मिळाल्याशिवाय त्यांचं अनुदान येत नाही, म्हणून सुरुवातीच्या वर्षांचा पैसा राज्याने द्यावा हेही स्पष्ट लिहून घ्या.

पालक विचारतील, मुंबईचं नाव जाईल त्याचं काय? भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. ज्यांनी मुंबईत प्रवेश घेतलाय त्यांना पदवी मुंबईचीच मिळावी अशी मागणी निवेदनातच टाका.

आता दबाव कुठे टाकायचा. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या अनुसूचीत कुठले जिल्हे कुठल्या विद्यापीठाकडे ते लिहिलेलं आहे, म्हणजे शेवटी काम राज्य सरकारच्या पातळीवर होणार, कुलगुरूंना निवेदन देऊन नाही. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघाचे आमदार हे तुमचे पहिले दरवाजे. पदवीधर मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते, फॉर्म 18 भरावा लागतो, आपले लोक भरत नाहीत आणि मग आमदार ठाण्याकडेच बघतो. विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) नोंदणीकृत पदवीधरांची यादी वेगळी असते, लोक दोन्हीत गल्लत करतात. अधिसभेत पदवीधरांच्या 10 जागा आहेत, तिथे आपला एक माणूस बसला तरी पाच वर्षांच्या बृहत आराखड्यावर बोलता येतं. नवीन कॉलेज कुठे आणि कुठल्या विषयाचं ते त्या आराखड्यावर ठरतं, त्यामुळे विद्यापीठ होईपर्यंत ही लढाई सोडायची नाही.

ग्रामसभांचे ठराव घ्या, कॉलेजांच्या संस्थाचालकांची पत्रं घ्या, वहीतल्या केसेस आणि आरटीआयची उत्तरं एकत्र बांधून आमदारांना द्या आणि त्यातूनच तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) तयार करून द्या, आयता प्रश्न मिळाला की ते विचारतात. वेळेचं गणित मात्र सांभाळा. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, आरटीआयला 30 दिवस आणि अपिलाला अजून 30 ते 45 जातात, म्हणजे पहिला अर्ज जुलैमध्येच गेला पाहिजे.