घरात सगळेच आजारी पडले तर

पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे एकाला ताप आला की बघता बघता अख्खं घर अंथरूण धरतं. अशा वेळी मला सर्वांत जास्त भीती वाटते ती औषधांच्या गोंधळाची. आईने डोस दिलेला असतो, ते ठाऊक नसल्याने तासाभराने बाबा पुन्हा देतात. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवा: नाव, ताप, औषध, वेळ, लघवी झाली का. जो औषध देईल त्यानेच लगेच लिहायचं. मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपची बाटली नीट वाचा. ५ मिलीत एखाद्यात १२० मिलिग्रॅम असतं, एखाद्यात २५०, म्हणजे दुपटीहून जास्त फरक! डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

स्वयंपाकाचा हट्ट सोडा. कुकरला मऊ भात लावा, नाहीतर नाचणीची आंबील करा. शेजारच्या काकूंकडे भाकरी मागायला संकोच कसला? डबा दाराशीच ठेवायला सांगा, म्हणजे त्यांना लागण व्हायची नाही. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसची पुडी. ती नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, घोट घोट पाजा.

धाप लागली, गुंगी आली, आठेक तास लघवी झाली नाही, किंवा ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि तो फ्रिजवरचा कागद डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.