अझासिटिडिनचे इंजेक्शन सुरू असताना या चुका टाळा

मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी ‘एमडीएस’, या अस्थिमज्जेच्या (हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या गराच्या) आजारात अझासिटिडिनची पहिली सायकल, म्हणजे औषधाची पहिली फेरी, संपून दोन आठवडे झाले की अनेक घरांत एकसारखा प्रसंग घडतो. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हाती येतो, उपचारापूर्वी साठ हजार असलेल्या प्लेटलेट वीस हजारांवर उतरलेल्या दिसतात, हिमोग्लोबिनही घसरलेले असते, आणि ‘हे औषध बाबांना मानवत नाही’ असे ठरवून दुसऱ्या सायकलची तारीख टाळली जाते. या औषधाच्या बाबतीत होणाऱ्या चुकांपैकी ही मला सर्वांत घातक वाटते, कारण औषधाचा गुण दिसण्याची वेळ येण्याआधीच ते बंद होते आणि पुढे ‘आम्ही केमो करून पाहिली, उपयोग झाला नाही’ अशी कायमची नोंद घरच्यांच्या मनात राहते.

अझासिटिडिनचे काम नेहमीच्या केमोपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालते, हे समजून घेतले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. प्रागमधील रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तयार केलेला हा रेणू पेशीच्या जनुकीय साखळीतील एका नैसर्गिक घटकासारखा दिसतो, त्यामुळे विभाजन होत असलेली पेशी त्याला आपला समजून साखळीत गुंफून घेते. तिथे बसल्यावर तो जनुकांना ‘बंद’ची खूण लावणाऱ्या एन्झाइमला अडकवून ठेवतो, आणि आजारामुळे झाकली गेलेली जनुके पेशीच्या पुढच्या पिढ्यांमध्ये हळूहळू पुन्हा उघडी होतात. रक्तात मात्र हे औषध फार टिकत नाही. त्वचेखाली दिल्यावर त्याचे प्रमाण निम्मे व्हायला पाऊण तासही लागत नाही. त्या दिवशी ज्या पेशी विभाजित होत असतील त्यांच्यावरच परिणाम होतो, म्हणून ते एका दिवसात एकदम न देता सलग सात दिवस आणि दर २८ दिवसांनी पुन्हा द्यावे लागते.

अमेरिकेत २००४ मध्ये एमडीएससाठी मान्यता मिळालेले हे पहिले औषध. त्याच्या माहितीपत्रकातच किमान चार ते सहा सायकल देण्याची शिफारस आहे. ३५८ रुग्णांच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात जास्त जोखमीच्या एमडीएसमध्ये अझासिटिडिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २४.५ महिने आणि इतर प्रचलित उपचार घेणाऱ्यांचे १५ महिने आढळले. त्या चाचणीत ज्यांना गुण आला, त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के रुग्णांमध्ये तो सहाव्या सायकलपर्यंत दिसू लागला होता. पहिल्या दोन सायकलींत काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, खाली जाणे, रक्त आणि प्लेटलेट पूर्वीपेक्षा जास्त वेळा चढवावे लागणे, हे अपेक्षित असते. डोस कमी करायचा की पुढची सायकल आठवडाभर लांबवायची, याचा निर्णय आकडे पाहून रक्तविकारतज्ज्ञ घेतात. तो निर्णय घरच्या बैठकीत होऊ नये.

उरलेले औषध उद्यासाठी ठेवणे

दुसरी चूक पैशाच्या ओढाताणीतून होते, त्यामुळे ती करणाऱ्यांना दोष देण्याची मला इच्छा होत नाही. नेहमीचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम असा काढतात. १६० सेंटिमीटर उंची आणि ५८ किलो वजनाच्या माणसाचे क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर भरते, म्हणजे रोजचा डोस १२० मिलिग्रॅम. व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, येते १०० मिलिग्रॅमची. रोज दोन व्हायल फोडाव्या लागतात, दुसरीतले ८० मिलिग्रॅम उरते, आणि ‘एवढे महागाचे औषध टाकून कसे द्यायचे, फ्रिजमध्ये ठेवा, उद्या वापरू’ असे कोणीतरी सुचवते. पण हा रेणू पाण्यात मिसळताच विघटित होऊ लागतो. त्वचेखाली देण्यासाठी थंड न केलेल्या निर्जंतुक पाण्याने तयार केलेले औषध खोलीच्या तापमानात एका तासाच्या आत द्यावे लागते. तयार होताच फ्रिजमध्ये ठेवले तर माहितीपत्रकाप्रमाणे आठ तासांपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी त्या व्हायलमधून काढलेल्या पांढऱ्या द्रावात औषध किती उरले असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, शिवाय त्यात जंतुनाशक परिरक्षकही नसते. खर्च वाचवायचा असेल तर डे-केअरमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या दिवसा इंजेक्शन देऊन घरी सोडणाऱ्या विभागात, एकाच दिवशी एकाहून जास्त रुग्णांचे अझासिटिडिन असल्यास त्यांचे औषध तिथल्या फार्मसीला एकत्र तयार करता येते का, हे जरूर विचारावे.

न फोडलेली व्हायल फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नसते. ती साधारण २५ अंशांना ठेवायची असते आणि १५ ते ३० अंशांमधला चढउतार तिला चालतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा मराठवाड्यात औषध गाडीच्या डिकीत ठेवून प्रवास केला तर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. व्हायल पिशवीत घालून आपल्याजवळच ठेवावी.

शिरेतून देताना आणखी एक घोळ होतो. अझासिटिडिन नॉर्मल सलाइनमध्ये किंवा रिंगर लॅक्टेटमध्येच मिसळायचे असते. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) किंवा बायकार्बोनेट असलेल्या द्रावात ते आणखी वेगाने नष्ट होते. लहान गावातल्या रुग्णालयात ‘शुगर नॉर्मल आहे, डेक्स्ट्रोज लावले तर बिघडत नाही’ असे म्हणून लावलेली बाटली रुग्णाला अपाय करेलच असे नाही, पण त्या दिवसाचे औषध मात्र वाया जाते. १० ते ४० मिनिटांत ही सलाइन संपवायची असते आणि औषध तयार झाल्यापासून तासाभरात सगळे पूर्ण झाले पाहिजे.

पोटावरचे लाल चट्टे

त्वचेखालच्या इंजेक्शनचे द्रावण दुधासारखे गढूळ असते. ते गढूळ दिसते म्हणून खराब झाले असे समजू नये आणि ते गाळूही नये, कारण गाळणीत औषधच अडकते. उलट देण्यापूर्वी सिरिंज दोन्ही तळव्यांमध्ये धरून जोराने घोळवली नाही तर तळाशी बसलेला भाग सिरिंजमध्येच राहतो. डोस चार मिलिलिटरपेक्षा जास्त असेल, आणि वरच्या उदाहरणात तो ४.८ मिलिलिटर होतो, तर तो दोन सिरिंजमध्ये सारखा वाटून दोन वेगळ्या जागी द्यावा लागतो. औषध भरून घेतल्यावर सुई बदलली आणि नव्या सुईतली हवा काढण्यासाठी औषध तिच्या टोकापर्यंत आणले नाही, तर सुईवरच्या थेंबामुळे वरच्या त्वचेला होणारी जळजळ टळते. ही छोटी काळजी अनुभवी परिचारिका आवर्जून घेतात.

जागा रोज बदलायची असते. पोट, मांडी आणि दंड यांपैकी कुठेही, पण आधीच्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर, आणि जिथे त्वचा लाल, निळसर, कडक किंवा दुखरी असेल तिथे मुळीच नाही. सात दिवसांत चौदा टोचण्या होतात, त्यामुळे कालची जागा आठवत नाही हे स्वाभाविक आहे. कागदावर पोटाची साधी आकृती काढून त्यावर तारखेसह फुली मारून ठेवली आणि तो कागद रोज डे-केअरमध्ये दाखवला तर हा प्रश्न सुटतो. टोचल्या जागी लाली येणे, काही दिवस गाठ राहणे आणि नंतर तपकिरी डाग पडणे हे फार सामान्य आहे. त्यावर चोळू नये, शेकू नये, घरगुती लेप लावू नयेत. मात्र लाली पसरत चालली, पू दिसला, किंवा लालीसोबत ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवावे.

ताप, पॅरासिटॅमॉल आणि कमरेतले इंजेक्शन

इथे मी जरा जास्त वेळ थांबतो, कारण इथली चूक काही तासांत जिवावर बेतू शकते. सायकलच्या साधारण दहाव्या ते सतराव्या दिवसांत काउंट सर्वांत खाली असतात, आणि एमडीएसमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा बरा दिसला तरी त्या पेशी नीट लढत नाहीत. या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, ताप आला तर ती तातडीची अवस्था आहे. रात्री अकरा वाजता अंग गरम लागले, पॅरासिटॅमॉल दिले, ताप उतरला, सकाळी पाहू असे ठरले, अशा क्रमाने अनेक रुग्ण रक्तात जंतू पसरल्यावर रुग्णालयात पोहोचतात. औषधाने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. थर्मामीटर घरात हवा, आपल्या रुग्णालयाचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला हवा, आणि पॅरासिटॅमॉलची गोळी देण्याआधी तो नंबर फिरवलेला हवा.

गावातल्या ओळखीच्या दवाखान्यात गेल्यास तिथे ‘केमो चालू आहे, प्लेटलेट कमी आहेत’ हे पहिले वाक्य असले पाहिजे. आपल्याकडे अंगदुखीला आणि तापाला कमरेत इंजेक्शन देण्याची सवय इतकी रुळलेली आहे की डॉक्टर विचारायच्या आत सिरिंज भरलेली असते. प्लेटलेट वीस हजार असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई गेली तर आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या उरल्यासुरल्या प्लेटलेटचेही काम बिघडवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ते परस्पर बंद न करता, हृदयरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ या दोघांच्या कानावर घालावे.

बद्धकोष्ठतेचाही याच प्रकरणाशी संबंध आहे. उलटीसाठी दिलेले ऑन्डान्सेट्रॉन आणि अझासिटिडिन या दोन्हींमुळे पोट आवळते, मग कोणीतरी एनिमा सुचवते. काउंट खाली असताना एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची गोळी टाळावी, कारण तिथल्या बारीकशा जखमेतून जंतू सहज रक्तात जातात. पहिल्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचे औषध लिहून मागणे हा सोपा उपाय आहे. उलट्या जास्त झाल्या, पाणी पोटात टिकेनासे झाले, तर वयस्कर रुग्णाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या आकड्यासोबत) बायकार्बोनेटही तपासले जाते, आणि ते दुसरे कारण सापडत नसताना २० च्या खाली गेले तर पुढच्या सायकलचा डोस निम्मा करण्याची शिफारस आहे.

हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची बाटली

हिमोग्लोबिन सहा-सातवर आले की बीट, डाळिंब, खजूर आणि पाठोपाठ लोहाचे टॉनिक सुरू होते. आहारातले डाळिंब स्वच्छ धुऊन, सोलून खायला हरकत नाही, पण या आजारात रक्त कमी असण्याचे कारण लोहाची कमतरता नसते. मज्जेतला कारखानाच बिघडलेला असतो. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. वीसेक पिशव्या झालेल्या रुग्णाच्या यकृतात आणि हृदयात आधीच लोह साचू लागलेले असते, त्यात टॉनिकची भर कशाला? शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी फेरिटिनची तपासणी किती दिवसांनी करायची, हे मात्र डॉक्टरांना विचारावे.

प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस आणि प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल हे दोन सल्ले शेजारून येतातच. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे. यकृताचे आकडे बिघडले तर कारण शोधताना केमोचा डोस थांबतो, म्हणून घेत असलेली प्रत्येक पुडी आणि काढा डॉक्टरांना सांगितला पाहिजे. रागावतील या भीतीने लपवू नये.

सात दिवस, रविवार आणि गोळी

शनिवार-रविवारी डे-केअर बंद असल्यास पाच दिवस औषध, दोन दिवस सुट्टी आणि मग उरलेले दोन दिवस, अशी पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. लातूर किंवा नांदेडहून पुण्या-मुंबईला येणाऱ्या कुटुंबाने मुक्कामाची सोय नऊ दिवसांची धरावी, नाहीतर शेवटचे दोन डोस गाडीच्या तिकिटामुळे राहून जातात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट डोस घ्यायचा नसतो.

अझासिटिडिनची गोळी परदेशात २०२० पासून उपलब्ध आहे, म्हणून इंजेक्शनऐवजी ती चालेल का असे विचारले जाते. तिचा डोस आणि वापर वेगळा आहे. एकीच्या जागी दुसरी घेता येत नाही. अझासिटिडिन तीव्र रक्तकर्करोगासाठी चालू असेल आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्स या औषधाच्या गोळ्या असतील तर बुरशीवरील पोसॅकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारख्या औषधांमुळे व्हेनेटोक्लॅक्सची रक्तातील पातळी खूप वाढते आणि त्याचा डोस कमी करावा लागतो. दुसऱ्या डॉक्टरांनी बुरशीचे औषध लिहिले तर केमिस्टकडे जाण्याआधी ती चिठ्ठी आपल्या रक्तविकारतज्ज्ञांना पाठवावी.

सहा सायकलींनंतर मज्जेची तपासणी होते आणि गुण दिसल्यावर ‘आता बंद करूया का’ हा प्रश्न पुन्हा येतो. हे औषध एकट्याने आजार मुळापासून काढत नाही. ते थांबवल्यावर आजार बहुधा परततो, म्हणून गुण टिकून आहे तोवर ते चालू ठेवतात. ज्यांचे वय आणि तब्येत मज्जा प्रत्यारोपणाला साथ देईल, त्यांनी भावंडांची एचएलए चाचणी (मज्जा जुळते का हे पाहणारी रक्ततपासणी) सहाव्या सायकलीची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात करून घ्यावी.