रोमन मासळीचा पतिना: या चुका टाळा

अपिसियसच्या नावावर चालत आलेल्या लॅटिन पाकसंग्रहात चिमुकल्या माशांचा पतिना, म्हणजे अंडी घालून घट्ट केलेला पदार्थ, आहे, ते मासे न घालता केलेला. भाजलेली किंवा उकडलेली मासळी बारीक करायची, मिरी, किंचित सताप, लिक्वामेन (रोमनांचा फिश सॉस), तेल आणि अंडी घालून वाफवायची. वर बढाई अशी, की काय खातोय ते कुणालाच ओळखू येणार नाही!

मापं मुळात नाहीत. पाव किलो शिजलेल्या बिनकाट्याच्या मासळीला चार अंडी, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि एक मोठा चमचा फिश सॉस धरा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मिठाचा. लिक्वामेन म्हणजे मिठात मुरवलेल्या माशांचं पाणी. थायी किंवा व्हिएतनामी फिश सॉस त्याच्या बराच जवळचा. बाटलीवर मासे आणि मीठ एवढंच लिहिलेला घ्या. सोया सॉस चालणार नाही. वेगळं मीठ मात्र अजिबात नको, मासळीला आधी चोळूनसुद्धा नको. सॉसचा वास नाकात गेला की घाबरून अर्धाच चमचा घालणारेही असतात. मग ते नुसतं अळणी अंडं लागतं. वाफेवर तो वास मवाळ होतो.

खाली पाणी सुटलं तर मासळी नीट निथळली नव्हती. उकडल्यावर फडक्यात घेऊन दाबा, मगच कुस्करा. जाळी पडून रबरासारखं झालं तर आच मोठी होती. मंद वाफ ठेवा, झाकणाला कापड बांधा आणि मधोमध सुरी घालून कोरडी निघते का बघा.

सताप दोन-तीन पानंच. जास्त झाला की कडूजहर. गरोदर बाईला वाढणार असाल तर पूर्ण वगळा.

मिरची, टोमॅटो दोन्ही अमेरिकेतले, रोमनांना ठाऊकच नव्हते. हिंगाचा मोहही आवरा. सिल्फियम ही मसाल्याची वनस्पती दुर्मीळ झाल्यावर रोमन हिंगाकडे वळले हे खरं, पण या पाककृतीत तो नाही. शिवाय आपल्या डबीतल्या हिंगात बहुधा पीठ असतं.

मुळात वर समुद्रफुलं, म्हणजे सी-ॲनिमोन, रचायला सांगितलीत. ती खुशाल सोडा. किनाऱ्यावरून उचलून आणायच्या फंदात पडू नका. वरचा थर सुकला की मिरी भुरभुरवा आणि लगेच वाढा.