रजिस्टर किंवा एक्सेलमधून कोहावर जाताना आधी डेटा साफ करा

कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००० पासून ग्रंथालयांत चालतंय, एवढं बहुतेकांना माहीत असतं. आणि सगळे अडकतात कुठे तर म्हणे इन्स्टॉलेशनला. खरं सांगू का, डेबियन किंवा उबंटूवर पॅकेजनं टाकलं तर लिनक्स जरा येणारा माणूस ते एका दिवसात उरकतो, खरा वेळ खातो तो तुमचा जुना डेटा.

म्हणून सर्व्हर राहू दे बाजूला, आधी एक्सेल उघडा. दाखल क्रमांक आणि आयएसबीएनचे कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये करून घ्या, आणि हे टाइप किंवा पेस्ट करायच्या आधी, कारण नाहीतर ०००४५२ चं ४५२ होतं, आयएसबीएनचं ते ९.७८ई+१२ होऊन बसतं आणि मागून फॉरमॅट बदलून गेलेले शून्य काही परत येत नाहीत. सेव्ह करताना साधं सीएसवी नको, सीएसवी यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

मग ती फाइल ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, तेही फुकटच. लेखकाच्या कॉलममध्ये एकाच माणसाचं कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, कुठे पुढे डॉ. लावलेलं, कुठे टिंबानंतर स्पेस नाही असं सगळं सापडतं, क्लस्टर अँड एडिट केलं की सारखी दिसणारी नावं एकत्र समोर येतात, पण डोळे झाकून मर्ज करू नका हां, एकाच नावाचे दोन लेखक असतात.

आता कोहात लायब्ररी, आयटम टाइप आणि सभासदांच्या कॅटेगरी यांचे कोड आधी बनवा. देवघेवीचा निदान एक डीफॉल्ट नियम पण टाका. त्यानंतर मार्कएडिटनं (हे फुकट आहे पण ओपन सोर्स नाही, चालतंय) एक्सेलचं मार्क करा, म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला फॉरमॅट, त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं फील्ड असतं: शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये आणि प्रतीची माहिती ९५२ मध्ये, त्यातल्या सबफील्डपैकी पी ला बारकोड, ओ ला वर्गांक, वाय ला आयटम टाइप, ए आणि बी ला लायब्ररीचा कोड. हे कोड कोहातल्या कोडशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत, इथेच बहुतेकांची गाडी अडते.

पहिल्यांदा पन्नासेक रेकॉर्डच स्टेज करून (म्हणजे आधी कोहात तात्पुरते चढवून) इम्पोर्ट करा, ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, मराठीत सर्च करून बघा. गडबड दिसली तर मॅनेज स्टेज्ड रेकॉर्ड्समध्ये अनडू आहे, पण देवघेव सुरू व्हायच्या आत.

कोहाचं पॅकेज रोज आपोआप बॅकअप घेतं खरं, पण त्याच मशीनवर, आणि जुने बॅकअप दोनेक दिवसांत उडवतं पण, त्यामुळे रोज दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या आणि एकदा तरी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघाच.