सुपरचार्जर असलेल्या जुन्या मसल कारच्या हवेच्या मार्गाची सुधारणा

२००३ च्या मस्टँग कोब्रासारख्या गाडीला सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) जोरात फिरवणारी लहान पुली लावून बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवण्याआधी, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या नळीला व्हॅक्यूम गेज जोडून डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल द्यावा. तेथे व्हॅक्यूम दिसला, तर हवा गेजच्या आधीच, फिल्टरच्या बाजूला अडते आहे आणि पुलीने केवळ सुपरचार्जर अधिक तापेल. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईपेक्षा मुळातच विरळ आहे, शिवाय ती १० अंशांनी तापली की घनता आणखी साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणून फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून पत्र्याने आडोसा करून बाहेरची हवा घेईल असा बसवावा, मात्र पावसाळ्यात पाणी ओढले जाईल इतका खाली नको. उन्हाळ्यात सिन्नर-निफाडकडे फेरी झाली की फिल्टरनंतरच्या नळीत आतून बोट फिरवावे. बोटाला धूळ करकरली, तर क्लॅम्प किंवा रबर गळते आहे, आणि तीच धूळ सुपरचार्जरमध्ये फिरणाऱ्या रोटरवरचा लेप खरवडते. मास एअरफ्लो सेन्सरची (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) नळी मोठी केल्यास ट्यूनिंग नव्याने करून घेतल्याशिवाय गाडी मुळीच दामटू नये, कारण बूस्टखाली मिश्रण पातळ झाले (हवेच्या मानाने इंधन कमी पडले) की नॉकिंगने, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याने, पिस्टन फुटतात.